आईचे तीन सेकंद

पत्रक मी लिहिलं, स्टेन्सिल मी कापली, आणि मुलुंडला डोंगराच्या पायथ्याशी आमच्या क्लबची नेमबाजीची रेंज आहे तिच्या फाटकावर उभं राहून ते वाटलंही मीच. मथळा होता ‘घड्याळ कुणाच्या बापाचं?’ आमच्या गटाचा म्होरक्या, माझ्यापेक्षा दोन वर्षांनी मोठा आणि दाढी वाढवलेला, तो मथळ्यावर एवढा खूश झाला की त्यानं कागद जास्तीचे छापून घेतले. गट म्हणजे कॉलनीतली आम्ही दहा-बारा पोरं. पाण्याची वेळ, रॉकेलची रांग, बसथांब्यावरचं छप्पर, जिथे अन्याय दिसेल तिथे आमचं पत्रक. अन्याय दिसायला फार लांब जावं लागत नाही आणि मला तो जरा लवकरच दिसतो. या खेपेला तो माझ्यावरच झाला होता. निदान मला तसं वाटत होतं.

भानगड काय होती ते सांगते. मी पिस्तूल चालवते. पिस्तूल क्लबचं, गोळ्याही क्लबच्या, त्या मोजून मिळतात. आमच्या प्रकारात पंचवीस मीटरवर पुठ्ठ्याचं निशाण असतं, आधी कडेनं उभं, म्हणजे नुसती रेघ दिसते. मग ते गर्रकन वळून समोर येतं, तीन सेकंद थांबतं आणि पुन्हा वळून रेघ होतं. त्या तीन सेकंदांत खाली ठेवलेला हात वर उचलायचा, नेम धरायचा, एक गोळी मारायची. असं पुन्हा पुन्हा. परदेशात म्हणे हे विजेवर चालतं. आमच्याकडे लोखंडी चौकट आहे आणि तिला एक लांब दांडा आहे. तो ओढतात क्लबचे सचिव, जाड भिंगांचा चष्मा लावणारे एक निवृत्त गृहस्थ. एका हातात दांडा, दुसऱ्या हातात स्टॉपवॉच. गोळीला उशीर झाला तर ती वळत्या पुठ्ठ्याला लागते आणि भोक गोल पडत नाही, लांबट पडतं. फार लांबट असलं तर शून्य.

जिल्ह्याच्या निवड चाचणीत माझी दोन भोकं लांबट निघाली. माझ्यानंतरच्या फेरीत एका मोठ्या साहेबांची मुलगी होती, स्वतःच्या पिस्तुलाची, तिचं एकही नाही. मी तिथल्या तिथे हिशेब मांडला. सरावात मला वर्षभरात एकदाही उशीर झाला नव्हता, एकदाही नाही. मग उशीर कोणी केला? मी नाही. म्हणजे दांडा लवकर हलला. आणि साहेबांच्या मुलीच्या वेळी तो नीट, सावकाश हलला. दांडा एका माणसाच्या हातात, तो माणूस कुणाच्या खिशात? हे सगळं मी पत्रकात लिहिलं. जवळपास याच शब्दांत. वर माझे सरावाचे गुणही छापले, पुरावा म्हणून.

एक गोष्ट आधीच सांगून ठेवते. पुढचं वाचून कुणी असं समजू नये की क्लबमधले सगळे धुतल्या तांदळासारखे आहेत. गोळ्या कुणाला किती मिळतात ते मी पाहिलंय. पण ते पत्रक दांड्याबद्दल होतं.

सरावाला माझ्याबरोबर आई यायची. रेंज वस्तीपासून आत आहे, पोरीनं एकटीनं जायचं नाही, हा बाबांचा हुकूम. आई महापालिकेच्या शाळेत शिकवते. सकाळची शाळा करून ती दुपारी माझ्याबरोबर निघायची. सुरुवातीला नुसती बाकावर बसून मेथी निवडायची. रेंजवर मेथी! शेजारी पोरं परदेशी बुटांच्या गोष्टी करतायत आणि माझी आई मांडीवर वर्तमानपत्र पसरून काड्या मोडतेय. मला मेल्याहून मेल्यासारखं व्हायचं. पण आमच्या रेंजवर एक रीत आहे. सरावाला दांडा ओढायला कोणी नसतं, म्हणून निशाण समोरच ठेवतात आणि मागे एक जण घड्याळ घेऊन ओरडतो. ‘समोर!’ म्हटलं की हात उचलायचा, तीन सेकंदांनी तो ‘वळलं!’ म्हणाला की संपलं. प्रत्येकानं आपल्याला ओरडणारा माणूस शोधायचा आणि मग त्याच्यासाठी आपण ओरडायचं. एकदा मला कोणी मिळेना, तेव्हा आई मेथी बाजूला ठेवून म्हणाली, “आण इकडे. सेकंदकाटा मलाही दिसतो.”

त्या दिवसापासून तीच. कानांत कापसाचे मोठे बोळे घालायची, त्यामुळे स्वतःचा आवाज स्वतःला ऐकू येत नसे आणि ती वर्गात ओरडावं तशी ओरडायची. “समोऽऽर!” डोंगरावरची पाखरं उडायची. पोरं हसायची. तरी हळूहळू सगळ्यांना तिची सवय झाली, कोणी कोणी तिला काकू म्हणायला लागलं. माझे गुण वाढत गेले. मी कधी उशिरा मारायचे नाही. ‘वळलं’ माझ्या गोळीच्या मागोमाग यायचं, नेहमी मागोमागच.

पत्रक वाटल्यावर पुढच्याच आठवड्यात सचिवांनी आम्हाला ऑफिसात बोलावलं. मी आणि म्होरक्या गेलो. पत्रक टेबलावर होतं, वर चष्म्याचं घर ठेवलेलं.

“या, पत्रकवाल्या बाई,” सचिव म्हणाले. “कुणाच्या बापाचं ते मला माहीत नाही. पण राज्याच्या संघाची चाचणी इथेच आहे. त्या दिवशी दांडा मी ओढीन, घड्याळ तुमचं. तुमचा एक माणूस उभा करा. त्यानं ‘समोर’ म्हटलं की मी समोर करीन, ‘वळलं’ म्हटलं की वळवीन. आणखी काय पाहिजे?”

आणखी काहीच नको होतं. पुढचं भांडण मी तोंडपाठ करून गेले होते, ते तोंडातच राहिलं. म्होरक्यानं मात्र लगेच उत्तर दिलं, “काकू आहेत की! हिची आई. वर्षभर तेच करतायत, सगळी रेंज ओळखते.”

सचिवांनी माझ्याकडे पाहिलं. “मुलीसाठी आईच?”

“शिक्षिका आहेत त्या,” म्होरक्या म्हणाला. “तुमच्या साहेबांपेक्षा बऱ्या.”

सचिव हसले आणि चालेल म्हणाले. आज वाटतं, त्यांनी नको म्हणायला हवं होतं. पण आमचं पत्रक त्यांच्यासमोर होतं, नको कसं म्हणणार?

आई इतकी हरखली की काय सांगू. आमच्या घरात कोणी तिला कधी पंच नेमलं नव्हतं. तिनं घड्याळ दुरुस्तीवाल्याकडून साफ करून आणलं, रोज सकाळी रेडिओच्या टुकटुकीवर काटा जुळवायला लागली. शाळेतल्या बायकांना सांगून आली. बाबांना चहा देताना म्हणाली, “राज्याची चाचणी आहे म्हटलं, साधंसुधं नाही.” या चाचणीत निवड झाली तर मी राज्याच्या संघात जाणार होते. आणि आमच्या गटानं सगळ्या कॉलनीत सांगून ठेवलं होतं की आता वेळ बरोबर लागणार, आता बघा.

अशात मामा आला. आईचा धाकटा भाऊ, बोटीवर इंजिनिअर आहे, अंधेरीला राहतो. तो अमेरिकेतून माझ्यासाठी एक काळा डबा घेऊन आला होता. साबणाच्या वडीहून जरासा मोठा, वर तांबडे आकडे. बटण दाबलं की थोडा वेळ गप्प राहतो, किती ते आपल्याला कळू देत नाही, मग अचानक बीप करतो. गोळीचा आवाज त्याला ऐकू येतो आणि बीपपासून गोळीपर्यंत किती वेळ लागला ते आकड्यांत दाखवतो. तीन सेकंद लावून ठेवले तर तीन सेकंदांनी दुसरा बीप.

“एकट्यानं सराव करणाऱ्यांसाठी केलेला आहे,” मामा म्हणाला. “ताई, आता तुला सुट्टी. बस मेथी निवडत.”

“मला कसली सुट्टी?” आई म्हणाली. “चाचणीला उभी कोण राहणार, हा डबा?”

“नाही बाबा, डब्याला एवढं ओरडता येत नाही!”

सगळे हसलो. आईसुद्धा.

पुढच्या गुरुवारी आईच्या शाळेत तपासणी होती. बाबांना न सांगता मी एकटीच रेंजवर गेले. रविवारी गर्दीत डबा निरुपयोगी, शेजारच्याची गोळीसुद्धा तो माझी म्हणून मोजणार. गुरुवारी दुपारी तिथे चौकीदाराशिवाय कोणी नसायचं. मी डबा कमरेला अडकवला, तीन सेकंद लावले, हात खाली घेतला. बीप. हात उचलला, नेम येत होता, आणि दुसरा बीप झाला. मी दचकले. गोळी त्यानंतर सुटली.

पुन्हा केलं. पुन्हा तेच, आधी बीप, मग मी. घाई केली तर बीपच्या आत गोळी जायची, पण मधल्या काळ्या वर्तुळाबाहेर, कुठेतरी पांढऱ्यात. नीट मारली की उशीर. तांबडे आकडे बघितले, तीनच्या पुढे, कधी पावणेचारला टेकलेले. मी सेल काढून पुसले. डब्यावर ‘मेड इन यूएसए’ वाचलं आणि मनात म्हटलं, यांचं सगळं असंच, नुसती चमक. घरी येऊन मामाला फोन केला.

“डबा बिघडलाय तुझा.”

“अगं, तो क्वार्ट्झवर चालतो. तो तुझ्यासारखी भाषणं करत नाही, नुसतं मोजतो.”

रविवारी मी आईला घेऊन सकाळी लवकर गेले, इतर कोणी यायच्या आत. तिला म्हटलं, डबा तपासून बघू. सुरुवातीचा बीप डबा देईल, शेवट तू ओरड, नेहमीसारखं. तिनं बोळे घातले, मनगट वर धरलं, चष्मा सारखा केला. मला मनातून खात्री होती की आता हा अमेरिकन उघडा पडणार.

बीप झाला. मी हात उचलला, निशाण स्थिर झालं, मारली. मागोमाग आईचं खणखणीत “वळलं!” नेहमीसारखंच, मागोमाग. गोळी मध्यावर होती. मी आकडे बघितले. साडेतीनच्या पुढे.

पुन्हा केलं. या वेळी मारल्या मारल्या मी मान वळवून आईकडे पाहिलं. तिचं मनगट नाकासमोर होतं, घड्याळ स्वच्छ, काटा चालू. पण डोळे घड्याळावर नव्हतेच. ते माझ्या हातावर होते.

“आई, तू घड्याळाकडे बघत नाहीस?”

तिनं एका कानातला बोळा काढला. “काय?”

“घड्याळाकडे बघत नाहीस तू.”

“बघते की. आधी बघते.” ती थांबली. “मग तुझा हात उचलला जातो. सगळा वेळ घड्याळाकडे बघायचं तर तुझ्याकडे कोण बघणार?”

“आई, तीन सेकंद होऊन जातात.”

“होत असतील थोडे इकडेतिकडे. अगं, हात अर्ध्यावर असला ना, की तोंडातून शब्दच निघत नाही माझ्या. शाळेतही मी असंच करते. घंटा झाली तरी शेवटचं पोर लिहीत असलं तर त्याच्या हाताखालून पेपर ओढत नाही.”

मग तिनं डब्याचे आकडे पाहिले. शिक्षिका आहे, आकडे तिला समजावून सांगावे लागत नाहीत. तिचा चेहरा एकदम मुलीसारखा झाला, चूक सापडलेल्या मुलीसारखा. “म्हणजे वर्षभर?” ती म्हणाली.

वर्षभर. ती दोन लांबट भोकं माझी होती. सचिवांचा दांडा बरोबर होता. मी वशिल्याविरुद्ध पत्रक काढलं होतं, आणि सगळ्या रेंजवर वशिला कुणाला होता तर मला, बाकावर, मेथीच्या पिशवीशेजारी. पुरावा म्हणून छापलेले गुण आईच्या मायेचे होते.

पण खरी लाज त्याची नाही. तिथे उभी असताना माझ्या मनात आलं ते असं: चाचणीला आईच ओरडणार आहे. तिचे डोळे माझ्याच हातावर असणार. हे आम्हा दोघींशिवाय कोणाला माहीत आहे? आईनं माझ्याकडे पाहिलं आणि तिला ते कळलं. मला माहीत आहे की कळलं, कारण तिनं मनगटावरचं घड्याळ काढलं आणि पिशवीत टाकलं.

“शाळेत मी थांबते ती शेवटच्या पोरासाठी,” ती म्हणाली. “ते पोर कुणाचं का असेना. इथे मी तुझ्यासाठीच थांबेन. मला नाही जमायचं. डबाच ने.”

तिनं शाळेतल्या बायकांना सांगून ठेवलं होतं, हे मला तेव्हा आठवलं.

आता सरळ गोष्ट ही होती की मी गटात जाऊन सांगायचं, पत्रक चुकलं. संध्याकाळी म्होरक्याच्या गच्चीवर सगळे जमले होते. मी सांगायला तोंड उघडलं आणि बाहेर आलं ते हे: “आईऐवजी आपण यंत्र लावू. माणूस आला की माया आली, वशिला आला. यंत्राला नातेवाईक नसतात.” अगदी पत्रकासारखं वाक्य. गच्चीवर टाळ्या पडल्या. म्होरक्या म्हणाला, “यार, मागणी आणखी कडक केलीस! आईलासुद्धा बाजूला सारलंस. याला म्हणतात तत्त्व.” आणि त्यानं घरी येऊन आईचंही अभिनंदन केलं, अशी मुलगी पाहिजे म्हणाला. आई त्याला चहा द्यायला उठली. जाताना माझ्याकडे बघितलंही नाही.

चाचणीपर्यंत मी डब्याबरोबर एकटीच सराव केला. थोडी सुधारणा झाली. पण वर्षभर लागलेली सवय हातात असते, डोक्यात नाही. हात आरामात वर जायचा, त्याला माहीत होतं की त्याच्यासाठी कोणीतरी थांबणार आहे.

चाचणीच्या दिवशी डबा सचिवांच्या शेजारी स्टुलावर ठेवला. बीप झाला की ते दांडा ओढणार, दुसऱ्या बीपला परत. बीप सगळ्यांना ऐकू येत होता, दांडा मागेपुढे झाला तर आंधळ्यालाही कळलं असतं. तो झाला नाही. सचिव बीपच्या अंगाला अंग लावून दांडा ओढत होते, आणि मला उभ्याउभ्या कळत होतं की त्यांचा वेग मागच्या चाचणीत होता तोच आहे, तसूभर फरक नाही. साहेबांची मुलगी माझ्या डाव्या हाताला होती. तिच्या गोळ्या बीपच्या आत, एकामागून एक.

माझ्या काही आत गेल्या. मग एकदा निशाण समोर आलं, हात वर गेला, नेम धरायला लागले आणि बीप झाला. हात अजून स्थिर व्हायचा होता. मागे कोणी काही बोललं नाही. आई मागे बाकावर होती, कानांत बोळे घालून. निशाण वळत होतं तेव्हा माझी गोळी सुटली. पुढच्या वेळीही तसंच. त्यानंतर मी घाई करायला लागले आणि राहिलेलं सगळं पांढऱ्यात गेलं.

पुठ्ठे उतरवून आणले तेव्हा माझी भोकं सगळ्यांनी बघितली. चांगली लांबट, डोळ्याच्या आकाराची. निवड झालेल्यांत माझं नाव येणार नव्हतं, हे मोजायच्या आधीच कळलं. तेवढ्यात म्होरक्या गर्दीतून पुढे आला, मागे गटातली पोरं.

“दांडा लवकर ओढला ना? मी बघत होतो! बोल तू. आत्ताच्या आत्ता बोल, सगळे आहेत इथे.”

सचिव दांड्याला तेल घालत होते. त्यांनी वर पाहिलं नाही. साहेबांची मुलगी पिस्तूल पेटीत ठेवायची थांबली.

“बीपला ओढला,” मी म्हणाले.

“काय?”

“बरोबर ओढला. मला उशीर झाला. मागच्या वेळीही मलाच झाला होता. पत्रकातलं खोटं आहे.”

माझा आवाज एवढासा निघाला. रॉकेलच्या रांगेत मी केवढी ओरडते! म्होरक्यानं आजूबाजूला पाहिलं, कोणी ऐकलं का बघत. “हळू बोल,” तो म्हणाला. “घरी जाऊन बोलू.” त्याची काय चूक? मीच त्याला मथळा दिला होता.

तोवर आई बाकावरून उठून आली होती, पिशवी खांद्याला लावून. तिला माझे ओठ हलताना दिसले असणार. तिनं एका कानातला बोळा काढला, दुसरा तसाच होता.

“काय म्हणालीस?” तिनं विचारलं, तिच्या त्या वर्गातल्या आवाजात. सगळ्या रेंजनं माना वळवल्या.

तिला ऐकू यायचं तर मोठ्यानं सांगावं लागतं. मी मोठ्यानं सांगितलं.